उत्तराची कोरी बाजू

१

ती जुने कागद दुरुस्त करायची. हे काम तिला कुणी शिकवलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांच्या कपाटातलं वाळवीने खाल्लेलं एक पुस्तक तिने पिठाची खळ आणि पतंगाचा कागद घेऊन जोडून पाहिलं होतं. ते जमलं, आणि मग जमतच गेलं. आता पन्नाशी जवळ आली होती आणि जीर्ण नकाशे, खरेदीखतं, कुणाच्या तरी पणजोबांची प्रमाणपत्रं घेऊन लोक तिचं दार शोधत येत. आजूबाजूचे तिला कागदवाली म्हणत. तिलाही ते आवडायचं.

समोरच्या खोलीत, खिडकीला लागून, तिचं लांबलचक टेबल होतं आणि त्याची तिने वाटणी केली होती. उजवीकडे काचेखाली गिऱ्हाइकाचे कागद. मध्ये खळ, ब्रश, चिमटे. डावीकडे कापून उरलेले तुकडे. उजवीकडच्या कागदांना नवऱ्याने बोटही लावायचं नाही, डावीकडच्या तुकड्यांचं हवं ते करावं, हा घरातला कायदा. तो त्याने कधी मोडला नव्हता.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. संध्याकाळी तो आला की आवाज ठरलेले असत. आधी दार. मग पितळी वाडग्यात किल्ल्यांचा जुडगा पडायचा, असा की शेजारच्यांनाही कळावं. मग आत न्हाणीतला नळ, हाताचं ग्रीस निघेपर्यंत बराच वेळ. मग नळ बंद, आणि आतूनच हाक यायची, "काय गं, वाळले का तुझे कागद?"

"तुम्ही वाळाल, पण हे नाही वाळायचे," ती मान वर न करता म्हणायची.

डावीकडच्या तुकड्यांवर तो शिसपेन्सिलीने काहीबाही लिहून ठेवायचा. "मालकीणबाई, भूक लागली आहे. आपला, एक गरजू." किंवा, "तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट अडकली. पगारही तिथेच अडकला." ती वैतागल्यासारखं करायची आणि तुकडा टेबलाच्या खणात टाकायची. तो खण आता नीट मिटत नव्हता.

पत्र्याची पेटी आली ती एका दुपारी. ती घेऊन आलेल्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या, आणि एकदा मास्तरीण झालेली बाई मास्तरीणच राहते, तशा त्या खुर्चीत ताठ बसल्या.

"माझ्या आजीच्या आत्याची पत्रं," त्या म्हणाल्या. "नवरा लवकर गेला तिचा. मग जन्मभर पत्रंच लिहिली. सगळ्या मैत्रिणी तिच्यासारख्या, नवरा गेलेल्या. कुणावर प्रसंग आला की पहिलं पत्र हिचं. वाचनालयाला द्यायची आहेत, पण हात लावला की चुरा होतो."

"नावं दिसत नाहीत कुठे."

"लिहीतच नसत. हिला सगळ्या थोरली म्हणायच्या. जिच्याशी जास्त पत्रं आहेत ती धाकटी. दोघी कधी भेटल्या नाहीत म्हणे."

पत्रांची रीत वेगळीच होती. मोठा ताव मधोमध दुमडलेला. डाव्या बाजूला थोरलीचं पत्र, उजवी बाजू कोरी सोडलेली. जिला पत्र जाई तिने कोऱ्या बाजूवर उत्तर लिहून अख्खा ताव परत धाडायचा. म्हणूनच दोघींचं सगळं बोलणं थोरलीच्या पेटीत जमलं होतं.

"कागद वाचायचा," मास्तरीणबाई म्हणाल्या, "आणि समोर कोरी बाजू असली की उत्तर टाळता येत नाही. हुशार होती."

"ठिगळांना याच वयाचा कागद लागेल. नवा कागद जुन्याला ओढतो, मग तो बाजूने फाटतो."

"मग तळाशी एक ताव आहे बघा. अर्धा कोराच राहिलाय. पाठवलेलाच नसावा कुणाला. तो कोरा अर्धा घ्या की कापून."

निघताना दाराशी त्यांची नजर पितळी वाडग्यावर गेली.

"मिस्टर असतात ना?"

"कामावर गेलेत."

"असू देत," मास्तरीणबाई म्हणाल्या. "असू देत."

२

दुरुस्त करताना वाचायचं नाही, हा तिचा जुना नियम. वाचायला लागलं की हात अक्षरांना जपतो आणि कागदाकडे दुर्लक्ष करतो. पण या पत्रांनी तो नियम पहिल्याच दिवशी मोडला.

थोरलीने लिहिलं होतं: "पहिल्या वर्षी लोक विचारतात, जेवलीस का. दुसऱ्या वर्षी विचारतात, अजून नीट जेवत का नाहीस. तिसऱ्या वर्षी कुणी काही विचारत नाही, आणि तेव्हा बाई खरी जेवायला लागते. तुझं दुसरं चाललंय. थोडं सोस."

समोरच्या बाजूला धाकटीचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर: "काल ह्यांचा कोट एका भिकाऱ्याला दिला. मग तो गल्लीच्या टोकाला पाठमोरा दिसला आणि मी धावत सुटले. लोकांना वाटलं, चोरी झाली. कोट परत नाही मागितला. नुसती थोडा वेळ त्याच्या मागून चालले."

पुढच्या तावावर थोरली: "चाललीस ते बरं केलंस. पुढच्या वेळी टोपी दे. टोपीच्या मागून इतकं चालावं लागत नाही."

कागदवाली एकटीच हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. रात्री जेवताना तिने ते सगळं नवऱ्याला सांगितलं.

"मजेत होत्या की गं या बायका," तो म्हणाला.

"मजेत? अहो, नवरे गेले होते त्यांचे."

"तेच तर म्हणतोय."

तिने हात पुसायचं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. त्याने ते झेललं, त्यानेच तोंड पुसलं आणि आणखी वाढायला ताट पुढे केलं.

३

मध्यावरच्या एका तावाला मोठं भोक पडलं होतं. कसरीने खाल्लेलं असावं. भोकाभोवती धाकटीचं अक्षर होतं.

"तुमचं ते पहिलं, सांत्वनाचं पत्र आलं तो दिवस मला अजून दिसतो. हे अंगणात सायकल पुसत होते. मी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. हे इतके हसले की धरलेली सायकल आडवी झाली. मग माझ्या हातातली शिसपेन्सिल काढून घेतली आणि"

इथे भोक. तीन-चार ओळी गेलेल्या. त्याखाली: "पुसून परत धाडलं, ते तुम्हाला मिळालं असेलच."

कागदवालीने ते दोनदा वाचलं. सांत्वनाचं पत्र आलं तेव्हा हे सायकल पुसत होते. मग सांत्वन कुणाचं? वडील गेले असतील धाकटीचे. किंवा सासरे. पण दुसऱ्याच्या वडिलांच्या सांत्वनाचं पत्र वाचून कुणी सायकल पडेपर्यंत हसतं का? मग तिला वाटलं, "हे" म्हणजे नवरा नसेलच, दीर असेल. पण दिराला कुणी "हे" म्हणत नाही. शेवटी तिने ठरवलं की बाई फार वर्षांनी आठवून लिहिते आहे, दोन दिवस एकात एक मिसळले असतील. तिचंही तसं व्हायचं.

पुढच्या तावावर थोरलीचं एवढंच होतं: "मिळालं. पुसलंस ते बरं केलंस. तसा कागद वाया जात नाही."

भोकाला ठिगळ हवं होतं. तिने पेटीच्या तळाचा ताव काढला, घडी उलगडली आणि पट्टी लावून उजवा कोरा अर्धा कापून वेगळा केला. कागद हाताला विचित्र लागला. इतर तावांसारखा कडक नव्हता. वरची खळ उडालेली, पृष्ठभाग फुललेला, सारखं धुतलेल्या चादरीसारखा मऊ. हलक्या प्रतीचा असेल, तिला वाटलं. ठिगळाला मऊ असलेला बराच.

त्या अर्ध्याची तिने लहानमोठी ठिगळं पाडली. प्रत्येकाच्या पाठीवर, तिच्या सवयीप्रमाणे, शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं: कुठे लावलं, का लावलं. "मधलं भोक, कसर." "वरचा कोपरा, ओल." पुढेमागे दुसऱ्या कुणी ते काम उघडलं तर त्याला कळावं म्हणून. एक पट्टी उरली. नवऱ्याच्या लिफ्टच्या परवान्याचं पुस्तक घडीवर उसवलं होतं, तो ते शर्टाच्या खिशात बाळगून बाळगून घामाने गेलं होतं. ती पट्टी तिने त्याला आतून लावली. पाठीवर लिहिलं, "घडी, घाम."

"वा," तो पुस्तक उघडझाप करून म्हणाला. "आता माझ्यापेक्षा परवाना जास्त टिकेल."

४

डावा अर्धा, म्हणजे थोरलीचं पत्र असलेला, टेबलावर राहिला होता. तो दाबाखाली घालण्याआधी तिने सरळ केला आणि सवयीने वाचला.

"प्रिय बाई, तुमच्यावर कोसळलेल्या प्रसंगाची बातमी कळली. आपली ओळख नाही, पण होईल. अशा वेळी लोक फार बोलतात, म्हणून मी थोडंच लिहिते. माणूस गेलं की आधी चेहरा आठवेनासा होतो असं सांगतात. तसं नाही. आधी आवाज जातात. वाडग्यात किल्ल्या टाकल्याचा आवाज जातो. मग आतून मारलेली हाक जाते. नळाचा आवाज तेवढा मागे राहतो. तो नळ तुम्हालाच बंद करावा लागेल. त्या वेळी सावकाश उठा. घाई करून काही मिळत नाही, हे अनुभवाने सांगते. उत्तराचीही घाई नाही. बाजू कोरी सोडली आहे. तुमची होऊ घातलेली मैत्रीण."

खाली नाव नव्हतं. वरही नव्हतं.

दुपारचं ऊन टेबलाच्या कडेवरून सरकत होतं. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. सगळं नेहमीसारखं होतं.

किल्ल्या प्रत्येक घरात असतात, तिने स्वतःला सांगितलं. वाडगंही असतं. नळही. कुणालाही लिहिता येईल असं हे पत्र आहे, म्हणून तर वर नाव नाही. थोरलीने एकच मसुदा करून ठेवला असेल आणि लागेल तेव्हा त्यावरून उतरवत असेल. वर्षानुवर्षं सांत्वन करणाऱ्या बाईला दर वेळी नवीन काय सुचणार?

हे सगळं पटण्यासारखं होतं. मग तिची नजर शिसपेन्सिलीकडे गेली.

कोरी बाजू उत्तरासाठी होती. आणि त्या बाजूवर, तुकड्या-तुकड्याने का होईना, तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

५

दुसऱ्या दिवशी तिने मास्तरीणबाईंना फोन केला. काम कसं चाललंय, खळ वाळायला किती वेळ लागतो, असं इकडचं तिकडचं बोलून झालं. मग विचारलं, "तो अर्धा कोरा ताव. तो नक्की कुणाला पाठवला नव्हता ना?"

"मला काय ठाऊक? पेटी माझ्याकडे आली तेव्हा तो वरच होता, मीच तळाशी घातला. का हो?"

"पेटी तुमच्याकडे कशी आली?"

मास्तरीणबाई हसल्या. "मी एकटीच बिनलग्नाची म्हणून. आमच्याकडच्या लग्न झालेल्या बायका त्या पेटीला हात लावत नसत. खुळ्या समजुती. मी म्हटलं, द्या इकडे, मला कसली भीती? जाणार कोण माझं!"

"लग्न झालेल्या?" कागदवालीने विचारलं.

"अहो, तुम्ही घाबरलात की काय? एवढ्या शहाण्या बाई तुम्ही," मास्तरीणबाई म्हणाल्या. मग, जरा थांबून, "मला आधी सुचायला हवं होतं."

६

फोन ठेवून तिने बाह्या सरसावल्या. घाबरून बसण्यापेक्षा हाताला काम बरं. पिठाच्या खळीची एक गोष्ट चांगली असते: पाणी दाखवलं की ती सोडते. तिने ओल्या टीपकागदाने एकेक ठिगळ भिजवलं आणि चिमट्याने उचललं. मधलं भोक पुन्हा उघडं पडलं. ओलीने गेलेले कोपरे पुन्हा गेले. कितीतरी दिवसांचं काम तिने एका सकाळीत उलटं केलं.

एक पट्टी राहिली. ती नवऱ्याच्या खिशात होती.

तो त्या दिवशी बाजारामागच्या जुन्या इमारतीत कामाला होता. ती पोचली तेव्हा तळमजल्याचं लिफ्टचं दार उघडं होतं, आत काळोखी पोकळी, आणि त्या पोकळीतून हातोडीचा आवाज येत होता. वरून वंगणाच्या वासाची थंड हवा येत होती.

"अहो!"

हातोडी थांबली. काही क्षण कसलाच आवाज आला नाही. वायर कुठेतरी वाजली, पुन्हा शांत.

"अहो, ऐकता का?"

"अगं, मी इकडे." तो मागून जिन्याने खाली येत होता, हातात चहाचा पेला. "खड्ड्यात काय ओरडतेस? तिथे जोडीदार आहे माझा. त्याला वाटेल, बायको शोधत आली. त्याचं लग्न नाही झालेलं, उगाच आशा लागायची."

ती हसली नाही. त्याने पेला पायरीवर ठेवला.

"काय झालं?"

"परवान्याचं पुस्तक द्या."

"कोण मागतंय?"

"मी मागतेय."

त्याने खिशातून काढून दिलं. तिथेच उभ्या उभ्या, पायरीवरच्या उजेडात, तिने रुमाल ओला करून घडीवर धरला आणि पट्टी सोडवली. तो बघत राहिला. मग तिने त्याला सगळं सांगितलं: सायकल, किल्ल्या, नळ, कोरी बाजू. सांगताना तिला ते फार बालिश वाटलं. त्याला तर वाटलंच.

"म्हणजे एक मेलेली बाई मला मारणार. पोस्टाने."

"थट्टा नको."

"बरं, नाही. पण मग उत्तर देऊन टाक ना. लिही, पत्ता चुकला, माणूस घरी आहे, कळावे."

"त्या कागदावर कुणी काही लिहायचं नाही," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. खड्ड्यातली हातोडी पुन्हा थांबली.

नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, मग ग्रीस लागेल म्हणून उचलला.

"बरं बाई. नाही लिहीत. जा घरी. मी लवकर येतो आज."

७

घरी येऊन तिने सगळी ठिगळं ओल्या टीपकागदावर मांडली. कापताना पट्टी कशी धरली होती ते तिच्या हाताला आठवत होतं, त्यामुळे तुकडे चटकन जुळले. मागून पातळ कागदाचं अस्तर दिलं. कडा कडेला लागली. तिने आजवर केलेल्या कामांतलं ते सगळ्यात नीट काम होतं आणि ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

अस्तर देण्याआधी तिने प्रत्येक तुकड्याच्या पाठीवरचं स्वतःचं अक्षर रबराने पुसलं होतं. मधलं भोक, कसर. वरचा कोपरा, ओल. घडी, घाम. सगळं गेलं. आता बाजू पुन्हा कोरी झाली होती. ती थोरलीच्या पत्राला जोडायची, ताव पेटीच्या तळाशी ठेवायचा आणि पेटी सकाळी मास्तरीणबाईंना परत. ठिगळांना दुसरा कागद मिळेल.

अर्धा अजून दमट होता. उजवीकडे काचेखाली उघडे पडलेले ताव होते, मध्ये खळीचं भांडं. रिकामी जागा एकच होती. तिने तो अर्धा डावीकडे, उरल्यासुरल्या तुकड्यांशेजारी, वाळत ठेवला.

एवढ्यात सूर्य समोरच्या इमारतीच्या कडेला आला. खिडकीतून आडवं, पिवळं ऊन टेबलावर पसरलं आणि कागदावरून तिरपं गेलं. सांधे नीट बसलेत का ते अशा उजेडात चांगलं दिसतं, म्हणून ती वाकली.

सांधे दिसलेच नाहीत, इतके छान बसले होते. पण कागद कोरा नव्हता.

त्यावर खुणा होत्या. पेन्सिल दाबून लिहिलं आणि पुसलं, की शिसं जातं पण दाब राहतो. तशा खुणा. तिच्या अक्षराच्या नव्हत्या. तिने पाठीवर लिहिलं होतं, हे समोरून होतं, आणि मोठं. एका ओळीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. काही अक्षरं बसकी, काही उभट, काही इतकी घाईची की रेघच. कितीजणांची ते मोजता येण्यासारखं नव्हतं. हा कागद इतका मऊ का होता ते आता तिला कळलं. तो पुसून पुसून मऊ झाला होता.

ती डोळे बारीक करून वाचायचा प्रयत्न करू लागली. शब्द एकमेकांत गुंतलेले. एकच तेवढा पुन्हा पुन्हा हाती लागायचा, वेगवेगळ्या वळणाचा.

घरीच.

घरीच.

बिचाऱ्या, तिला वाटलं. प्रत्येकीने लिहिलं असणार, ते घरीच आहेत. आणि मग पुसलं असणार. आपण तर काहीच लिहिलं नाही, आता तर मुळीच नाही. तिने शिसपेन्सिल उचलून दूर ठेवायला हात पुढे केला, तेवढ्यात ऊन गेलं. कागद साधा, फिकट आणि कोरा दिसू लागला. आत कुकरची शिटी झाली म्हणून ती उठली.

८

ती गॅसपाशी होती तेव्हा दार वाजलं. तो खरंच लवकर आला होता. मग वाडग्यात किल्ल्या पडल्या, नेहमीसारख्या, खणखणीत.

तो आवाज तिच्या अंगभर पसरला. तिने ओट्याला टेकून डोळे मिटले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो आवाज नीट, शेवटपर्यंत ऐकला. वाडगं थोडा वेळ गुणगुणत राहिलं आणि थांबलं.

मग नळ यायला हवा होता. तो लगेच आला नाही. मध्ये थोडी शांतता होती, आणि समोरच्या खोलीत टेबलावर काहीतरी हलकंसं घरंगळलं. तिला हसूच आलं. कुठल्यातरी तुकड्यावर लिहून त्याला तिचा मघाचा रुसवा काढायचा असणार. मग त्याची पावलं न्हाणीकडे गेली आणि नळ सुरू झाला.

तिने गॅस बारीक केला आणि हात पुसत बाहेर आली.

खोलीत अंधारून आलं होतं. तिने दिवा लावला. टेबलाची उजवी बाजू जशीच्या तशी होती, काचेखालचं काहीही हललं नव्हतं. डावीकडे, तुकड्यांशेजारी, तो ठिगळाठिगळांचा कागद होता. तो उरलासुरला नाही हे त्याला कसं कळावं? शिसपेन्सिल घरंगळत टेबलाच्या कडेपाशी येऊन थांबली होती.

कागदावर त्याचं ते तिरकं, लठ्ठ अक्षर होतं, खणातल्या प्रत्येक तुकड्यावर होतं तेच.

"मी घरीच आहे. काळजी सोड. जेवायला वाढ."

ती वाचत उभी राहिली. दिव्याचा उजेड बाजूने येत होता. त्याच्या "मी" खाली दुसरा "मी" होता. त्याच्याखाली आणखी एक. जुन्या पावलांच्या ठशांत पावलं पडावीत तशी त्याची अक्षरं त्या खुणांमध्ये जाऊन बसली होती. धाकटीच्या हातातली पेन्सिल कुणी काढून घेतली होती आणि भोकात काय गेलं होतं, ते तिला आता वाचायची गरज नव्हती.

ते बायकांनी लिहिलंच नव्हतं.

ती खुर्चीत बसली. रबर उचललं आणि डावीकडून पुसायला लागली, हळूहळू, कागद फुलू नये अशा बेताने. हात सवयीचा होता. "मी" गेला. "घरीच आहे" गेलं. "काळजी सोड" गेलं. रबराचा भुसा तिने बोटाने बाजूला सारला, आणि तेव्हा तिला थोरलीची ओळ आठवली. पुसलंस ते बरं केलंस. तसा कागद वाया जात नाही.

तिचा हात थांबला.

आत नळ चालू होता. ती हाकेची वाट बघत बसली. ग्रीस निघायला वेळ लागतो. जुन्या इमारतीतलं ग्रीस तर फार चिवट असतं, त्यानेच सांगितलं होतं.

"अहो, वाळले बरं का माझे कागद," ती म्हणाली.

पाणी एकसारखं, एका धारेने पडत होतं. मध्ये हात आले की पाण्याचा आवाज तुटतो. तो तुटत नव्हता.

समोर कागदावर "जेवायला वाढ" एवढंच उरलं होतं. तिने रबर खाली ठेवलं, टेबलाच्या कडेला आलेली पेन्सिल पडू नये म्हणून आत सरकवली, आणि खुर्चीच्या हाताला धरून ती सावकाश उठली.